ट्रेखाली काय घालायचं

— न्हाय न्हाय न्हाय, मिस्त्री, त्या फरशी चिकटवायच्या पावडरीचं नाव माज्या दारात काढू नका. च्या घ्या, निवांत बसा, पर ते नाव नको. म्हनं उद्या सकाळी वर उभं ऱ्हाता येतं! आवं, उद्या सकाळी उभं ऱ्हाऊन करायचं काय? लगीनघाई हाय व्हय आमच्यात? वाळू-सिमेट कालवायचं, चांगला दोन बोटं जाड थर द्यायचा, त्यावर न्हानीतला ट्रे दाबून बसवायचा, आन् आठ दिस तिकडं कुनी फिरकायचं न्हाय — ह्याला म्हनायचं काम. बाकी सगळा चावटपना. मी ऊस लावनारा मानूस, त्यातनं आडसाली, लागन केल्यापास्नं तोड येईपतुर दीड वरीस बांधावर बसून वाट बगतो, आन् मला तुमी आठ दिसांचं सांगताय? आन् मला एक सांगा — घाई हाय असं तुमाला सांगितलं कुनी? मी सांगितलं? मी न्हाय सांगितलं. सोनमनं सांगितलं ना? व्हय, सूनच ती माजी. दारातच गाठलं आसंल तुमाला, पदर सावरत, हळू आवाजात — मिस्त्री, मामास्नी समजवा, लवकर हुईल असं कायतरी घाला. मला दिसतंय की तुमच्या तोंडावर. तुमी कळंबचे, लासुर्ण्यात आमच्या घरी आज पयल्यांदा आलाय, तुमाला काय ठावं आमच्या घरातलं. तिला पोरीला समजत न्हाय. मिस्त्री मी बोलवलाय, घर माजं हाय, खाली काय घालायचं ते मी ठरवनार.

हा बगा, हा तो ट्रे. भिताडाला टेकवून ठेवलाय. सुयोगनं आनला, सुयोग म्हंजी पोरगं माजं, बारामतीला एमआयडीसीत हाय, आता पाळीवर गेलाय. टेम्पोतनं उतरवला तवा मी म्हनलं, काय रं हे, नवरीला हळदीला बसवायचा पाट आनलास का काय? पांढराफटक, कडा दोन बोटांची, पाय अडखळायचा न्हाय. खुर्ची ढकलत आत न्यायची, बसवायचं मानूस, वरनं पानी सोडायचं, पानी त्या भोकातनं निघून जातंय. हाय सोपं. पर खालनं बगा — उलटा करा जरा — पोकळ! नुसतं पोट वर काढून बसलंय. खाली काय भरलं न्हाय तर मानसाच्या पायाखाली लवनार, वाजनार, आन् एक दिस तडकनार. तुमीच म्हनला ना आत्ता, खाली अंगभर टेकाय पायजे. मंग? ते टेकवायचं तर वाळू-सिमेटच की. ती बगा वाळू, ताडपदरीखाली. नदीची हाय, आताची ती खडीची भुकटी न्हाय. घर बांधलं तवाची जपून ठेवलीया. मुठीत दाबा, दाबून बगा, हाताला माती लागती का? लागनार न्हाय.

माज्यासाठी? न्हाय वो, मला कशाला ट्रे, मी अजून गोठ्याम्होरल्या दगडावर दोन बादल्या वतून घेतो. सुयोगच्या आईसाठी. बारामतीला दवाखान्यात हुतो आमी, बरंच दिस हुतो, तितं एका नर्सबाईनं तिला असल्याच ट्रेमदी खुर्ची टाकून बसवलं आन् वरनं पानी सोडलं. मी भाईर बाकड्यावर. लई येळ झाला, मला वाटलं काय झालं काय न्हाय. आली भाईर, डोसकं ओलं, तोंड असं... कितीक दिसांनी ते तोंड बगितलं मी. म्हनली, आवं, हिरीवरच्या पायपाखाली बसल्यावानी वाटलं. आता तुमाला सांगतो त्यातली गंमत. लगीन हुऊन आली तवा आमच्या हिरीवर नवी मोटर बसलेली, हौदात ही धार पडायची, मांडीएवढी. दुपारची बाया जेवाय बसल्या की ही गुपचूप उठायची, केस सोडायची आन् त्या धारंखाली जाऊन बसायची. आन् मी — हसू नका मिस्त्री — मी बांधावर पाठ करून उभा, कोन येतंय का बगाय. आमच्या आईनं एकदा बगितलं, म्हनली, लोक उसाला राखन घालत्यात, हा बायकूच्या अंगुळीला राखन घालतोय. गावभर झालं. लई दिस चिडवायची पोरं मला. मला काय न्हाय वाटायचं त्याचं. पाठ करून उभा असलो तरी तिचं हसनं ऐकू यायचं, पान्याच्या आवाजात.

तर ते असं. दवाखान्यातनं घरी आनली, आन् पोरानं ट्रे आनला. आता खाली काय घालायचं म्हनून ह्या घरात जे महाभारत झालंय, ते सांगायला नको. सुयोगनं मोबाइलवर बगितलं. म्हनला, आण्णा, फेसाचा डबा मिळतो, दाबला की फस्सकन फेस येतो आन् फुगून दगडागत हुतो. म्हनलं आरं बाबा, ते फुगत फुगत ट्रे वर उचलंल आन् तुजी आई जाईल पत्र्याला टेकून. सोनम म्हनली कोरडी वाळू घालू. कोरडी वाळू म्हंजी मुंग्यांला आवतान. मंग मी म्हनलं — मीच म्हनलं — राख घाला. आता तुमी मान हलवू नका, तुमच्या कळंबला काय येगळं करत्यात व्हय? ह्या पट्ट्यात कारखान्याच्या बॉयलरची राख म्हंजी सगळ्याला औषध. जोत्यात भरायची राख, गोठ्यात पसरायची राख, वाटंतल्या खड्ड्यात टाकायची राख. हलकी, मऊ, हातानं सारली की परातीतल्या पिठावानी सपाट. चाळून घातली आमी, वर पट्टी मारली, ट्रे ठेवला — काय बसला म्हनून सांगू! सुयोगनं ती बुडबुड्याची पट्टी वर ठेवली, बुडबुडा मधोमध. बापलेक आमी एकमेकाकडं बगून हसलो, जनू काय घर बांधलं.

मंग एका अंगानं सोनम, एका अंगानं मी, असं धरून तिला आनली, खुर्चीत बसवली. आता तिचं वजन म्हनाल तर काय ऱ्हायलंय — पयली पाटी डोक्यावर घेऊन बांधावरनं पळायची, आता मी एका हातानं उचलीन. पर राख ती राख. पानी सोडलं, कुठनं तरी कडंनं खाली शिरलं आसंल, आन् मागच्या अंगाचा कोपरा गेला की खाली! कट्ट वाजलं. खुर्ची कलली. तिनं माजा सदरा असा गच्च मुठीत धरला, हे बगा, बटन तुटलंय, अजून लावलं न्हाय. पानी बंद करा, पानी बंद करा, आरडावरडा, सोनम रडकुंडीला. आन् ती वल्या लुगड्यात कुडकुडत मला इचारती, खाली काय घातलं हुतं वो? म्हनलं राख. तर हसली. हसली वो! म्हनली, आत्तापास्नंच राखंवर बशिवताय व्हय मला? वाईच दम काढा की.

सुयोग तसाच भाईर गेला. गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा ऱ्हायला, किती तरी येळ. आन् मी तिला रागावलो. आसल्या आजारी मानसाला रागावलो मी, म्हनलं, जिभंला काय हाड हाय का न्हाय तुज्या? तर म्हनली, बरं बरं, न्हाय बोलत, पाय पुसा माजं.

बोलन्यात बोलली वो. चेष्टेखोर हाय ती पयल्यापास्नं. त्याचं काय एवढं न्हाय. ट्रे काढला आमी, राख खरवडून टाकली, खालचा कोबा धुतला. तो पक्का हाय, तुमीच ठोकून बगितला मगा. म्हनून तुमाला बोलवलं. आता हे काम असं झालं पायजे की तिनं पाय ठेवला तर केसभर हलता कामा नये. तिला परत एकदा खाली गेल्यागत वाटलं, तर ती पाऊल टाकायची न्हाय, मला ठावं हाय. आन् म्हनून म्हनतो, वाळू-सिमेट. पावडर न्हाय.

काय? हळू बोला. व्हय, पोटाचंच. गाठ हाय म्हनले. डाक्टरनं मला आन् सुयोगला आत बोलवलं, आन् दार लावून घेतलं. आता आमी इतक्या येळा आत गेलो, कवा दार लावलं न्हवतं. म्हनला, काका, आता त्यास्नी घरी न्या, आन् काय खावं वाटंल ते खायला घाला. आता तुमी सांगा मिस्त्री, ह्याचा अर्थ काय हुतो? मी सुयोगला जिन्यात म्हनलं, बग, खायला घाला म्हनला, म्हंजी खाल्लं की अंगात ताकद येईल, ताकद आली की मंग परत आनायची. सुयोगनं औषधांची पिशवी खांद्याला लावली. म्हनला, आण्णा, चला, गाडी भाईर लावलीया. पोरगं शिकलेलं हाय, पर धीर न्हाय त्याला. म्हनून घरी आल्या आल्या सगळ्यांला ताकीद दिली. तिच्याम्होरं कुनी ब्र काढायचा न्हाय. तिला अल्सर सांगितलाय. पथ्य पाळलं की बरा हुतो, लोकांचं बरं झालेलं हाय, असं सांगितलंय. आन् ती बी म्हनती, व्हय, हुतंय बरं, आमच्या मावशीचं झालं हुतं. मंग? मला कुठं खोटं बोलावं लागतंय? ती सोताच म्हनती.

आता तुमाला खरं सांगतो, वाळू-सिमेट का म्हनतो ते. कुनाला बोललो न्हाय, पोराला बी न्हाय. मरनाऱ्या मानसासाठी कुनी सिमेट कालवतं का? सांगा की. न्हाय कालवत. मरनाऱ्याला पडदा बांधत्यात, फळी टाकत्यात, आजचं उद्यावर भागवत्यात. मी बगितलंय लोकांचं. आन् ती हितं भिंतीपलीकडं पडलीया. डोळं मिटलेलं असत्यात, पर कान उघडं हायत तिचं, म्हशीनं दावं तानलं तरी कळतं. तिच्या कानावर काय जायला पायजे? फावडं. घमेलं. थापीचा आवाज. वल्या सिमेटचा वास. आन् तिच्या मनात यायला पायजे, आरं, हे तर पक्कं बांधाय लागल्यात. म्हंजी अजून लई हाय आपलं. ट्रे काय, ट्रे कसा बी बसंल. मला तिच्या मनात ते घालायचंय, मिस्त्री. ते पावडरीनं हुनार न्हाय. पावडर म्हंजी गपचूप यायचं, गपचूप कालवायचं, उद्या तयार. म्हंजी घाई. म्हंजी आमाला ठावं हाय. तुमीच सांगा, मी सोता उठून माज्या हातानं तिला तसं सांगू व्हय?

काय म्हनता, तिला ठावं आसंल?

न्हाय ठावं. कसं ठावं आसंल? कुनी सांगितलंच न्हाय तर...

परवाचं सांगतो. रंगूबाई म्हनून हायत, शेजारच्या. आमच्या हिच्याकडं पेरायचं बी असतंय — घेवडा, दोडका, आन् ती काटंरी वांगी, तिच्या म्हायेरची, निमगाव केतकीची. त्या वांग्याला तोड न्हाय, भाजलं तर तूप लावल्यागत लागतंय. ते बी राखंत घोळायचं, गाडग्यात भरायचं, तोंड शेनानं लिपायचं आन् फळीवर ठेवायचं. कुनाला द्यायची न्हाय! चिमटीच्या वर न्हाय. रंगूबाई मागून मागून थकल्या, दोघींची त्यावरनं एकदा बोलाचाली बंद हुती, उन्हाळाभर. परवा हिनं सोनमला पाठवून रंगूबाईस्नी बोलवून घेतलं आन् सगळी गाडगी दिली. सगळी, मिस्त्री. फळी मोकळी. रंगूबाई पाटीत गाडगी घेऊन भाईर आल्या, डोळ्यांला पदर. मला म्हनत्यात, भावजी, ठमाबाईनं सगळंच दिलं वो, मी नको म्हनलं तर माजा हात धरला. मी आत गेलो आन् वरडलो. म्हनलं, ही काय अवदसा आठवली तुला, पेरायच्या टायमाला आपल्या दारात काय लावनार? तर कुशीवर वळत म्हनली, बी काय फळीवर उगवतं व्हय? येळंवर पेराय नको का कुनीतरी? वांगी लागली की रंगूबाई देतील आनून. माज्या वाटची बी तुमीच खावा.

तरी बी मी म्हनलं, आजारपनात येतं काय काय मनात. बाईमानूस. हळवं हुतं. असं म्हनत मी गोठ्यात गेलो आन् शेन काढलं. शेन सकाळीच काढलेलं हुतं.

च्या निवला व्हय तुमचा? दुसरा सांगू? नको? बरं.

आता इतकं बोललोच हाय तर एक सांगतो, ते सोनमनं मला सांगितलंय, भाकरी थापत थापत, डोळं भरून. आल्यापास्नं सोनम तिचं अंग पुसून घेती. कोमट पानी, फडकं, मनापास्नं करती पोरगी, तिला नाव ठेवनार न्हाय मी, पोटच्या लेकीनं केलं नसतं. तर हिनं तिचा हात धरला आन् म्हनली, बाई, पुसून पुसून माजं कातडं इटलं. मेल्यावर घालतीलच की न्हाऊ मला, चार बाया मिळून, कडकडीत पानी तापवून. तवा मला काय कळनार, गरम का गार? जित्तेपनी एकदा घाला. आन् मला कुनी चोळू नका. माजं डोसकं मी माज्या हातानं चोळती.

असं म्हनली.

माज्या हातानं, म्हनली. आन् त्यातच सगळं हाय, मिस्त्री. तिला नुसती अंगूळ नको, तिला तिचं डोसकं तिच्या हातानं धुवायचंय. दवाखान्यातनं आली तवा येनी घालायची आपली आपन. आता काल मी दारात हुतो, तिला वाटलं कुनी न्हाय. फनी घेतली. हात वर नेला. कानापतुर गेला, आन् तितंच थांबला. दुसऱ्या हातानं कोपराला आधार देऊन बगितला. न्हाय गेला. मंग तिनं हात खाली घेतला, आन् फनी हळूच उशाखाली सारली, चोरून आनल्यागत. मी मागच्या मागं सरलो. काय करनार? आत जाऊन काय म्हननार हुतो मी?

आज सकाळी परत इचारलं तिनं, झालं का वो माजं न्हानीघर? म्हनलं झालंच, मिस्त्री येतोय. म्हनली, लवकर येऊ द्या.

लवकर, म्हनली. सोनम न्हाय म्हनली, ती म्हनली.

...ती पावडर. परत सांगा जरा. आज घातली तर उद्या सकाळी बसवता येतंय मानूस? नक्की? आन् हलनार न्हाय? तुमी सोता वर उभं ऱ्हाऊन दावनार, पाय आपटून? मी बी उभा ऱ्हातो, माजं वजन लई हाय. आन् मंग काय म्हनला हुता तुमी मगा, दोन बोटं जाड थराला ती धरत न्हाय, चार-पाच वर्सांनी खालनं सुटंल, पोकळ वाजंल?

वाजू द्या.

वाजू द्या वो. चार वर्सं! चार वर्सं कुनी मागितल्यात? माज्या पांडुरंगाला मी चार वर्सं कवाच मागितली न्हाईत. पयली दोन मागितली. मंग म्हनलं, दिवाळीपतुर. मंग म्हनलं, वांगी लागंपतुर. आता काय मागायचं तेच मला समजना. एक सकाळ मागतो. तिचा हात वर जाईल अशी एक सकाळ. हाय तुमच्या पावडरीत एवढं? मंग घाला. घाला, मिस्त्री. वालचंदनगरला मिळंल की दुकानात? न्हाय मिळाली तर बारामतीला जावा, माजी मोटारसायकल न्या, पर आज आना.

फकस्त एक ऐका माजं. पाया पडतो, पर ऐका. आल्यावर गपचूप कालवू नका. त्या वाळूतली चार फावडी चाळा, चाळनीचा आवाज जाऊ द्या आत. घमेलं आपटा. पावडर बी फावड्यानंच कालवा, सिमेट कालवल्यागत, खरवडून, आवाज करून. आन् थापी ठोका जोरात. तिनं इचारलं तर सांगायचं वाळू-सिमेट हाय, पक्कं काम हाय. अंगुळीचं मी बगतो, उद्या सांगीन तिला, मिस्त्रीनं उन्हात लवकर वाळवलं म्हनून, कायतरी सांगीन. तिला अंगूळ बी मिळंल, आन् मनात ते बी येनार न्हाय. कसं? जमतंय का न्हाय? मी म्हनलंच हुतं, मार्ग निघतोच —

थांबा. हाक मारली का? — ओ! काय गं? — व्हय, मिस्त्रीच हायत! — कळंबचे! — काय? खाली काय घालनार? — वाळू-सिमेट! वाळू-सिमेट घालतोय गं! एकदम पक्कं! तुज्या नातवंडांची लग्नं झाली तरी हलायचं न्हाय, पड तू निवांत!

बगितलं? लगीच इचारलं. कान हायत का काय हायत तिचं. बरं झालं सांगून टाकलं, आता तुमी आलं की —

काय गं? परत बोल! ऐकू आलं न्हाय!

...

काय म्हनली वो ती? तुमाला आलं ऐकू? मला बरुबर... न्हाय. आलं. आलं मला ऐकू. मंग ऱ्हाऊ द्या, म्हनली. सिमेट सुकंपतुर मी कुठली. असं म्हनली. रडून न्हाय, रागानं न्हाय, भाजी उरली हाय, झाकून ठेवा म्हनल्यावानी म्हनली. तिला कोन फसवनार, मिस्त्री? ह्या घराच्या भिंतींस्नी तिनं पानी मारलंय, सकाळ-संध्याकाळ, डोक्यावर कळशी घेऊन, मी हात लावला तर म्हनायची, अजून कच्ची हाय, टेकू नका. सिमेटला किती दिस लागत्यात ते तिला सांगाय लागतंय व्हय. आन् मी मोठा शाना, तिला पक्कं पक्कं म्हनून वरडून सांगतोय. मीच सांगितलं तिला, हितनं, ह्या तोंडानं, की तुजी अंगूळ हुनार न्हाय.

ठमे! आगं ठमे, ऐक! न्हाय गं, सिमेट न्हाय! खोटं बोललो मी! दुसरं घालतोय, लवकरचं — उद्या हुतंय तयार, उद्या सकाळी! चुलीवर हंडा ठेवतो मी सोता! तूच चोळ डोसकं, कुनी हात लावनार न्हाय! — व्हय! — व्हय गं, ठावं हाय मला! मला बी ठावं हाय, तुला ठावं हाय ते! — न्हाय, रडत न्हाय! कोन रडतंय! — आलो, आलो मी आत!

काय बगताय माज्या तोंडाकडं? उठा. पावडर आना जावा. जावा म्हनतो ना, मिस्त्री! आन् जाताना दार तेवढं लोटून घ्या.